साहेबांचे ठिपके

पार्सल ऑफिसच्या रांगेत उभा होतो. काउंटरमागे दोन कारकुनांची कुजबुज चालली होती.

"डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये साहेबांचं तोंड तू बसवलंस?"

"गंमत म्हणून रे! ठिपके मांडून नवं अक्षर केलं आणि चांदणीच्या खुणेच्या (*) जागी टाकलं. चांदणी कोण कशाला छापतंय?"

"आजपासून आपणच. काचेच्या प्रत्येक पार्सलवर चांदणी छापा, असा साहेबांचाच हुकूम आहे."

"मेलो! किती पार्सलं गेली?"

"चाळीस. प्रत्येकावर साहेबांचं तोंड आणि खाली 'जपून हाताळा'."

"त्यांनी पाहिलं?"

"भिंग लावून पाहिलं. तुला आत बोलावलंय."

"गेली ना माझी नोकरी?"

"छे! म्हणाले, मी काही एवढा टकला नाही. वर तीन ठिपके वाढवायला सांग त्याला."