रडकी बाई आणि कमरखाचा पाला

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे उत्सवमूर्ती निन्हसाहेब, आणि हनोईच्या या उकाड्यातही जागा धरून बसलेल्या रसिकहो,

संग्रहालयाचे प्रमुख निवृत्त होतात तेव्हा थोरामोठ्यांनी बोलावं. पडदे शिवणाऱ्या माझ्यासारखीच्या हाती माईक का? निमंत्रण आलं तेव्हा मनात पहिलं हेच आलं, की यात काहीतरी डाव आहे! काय करणार, संशय आमच्या घरात मुरलेला आहे.

थोर चित्रकार दाम त्राक यांचं ‘प्रतीक्षा’ शेजारच्या दालनात आहे. रोगणात रंगवलेली, डोळे सुजलेली बाई. युद्धावर गेलेल्या नवऱ्यासाठी रडणारी, असं निन्हसाहेबांनी खालच्या पाटीवर लिहिलंय. ती माझी आई. लहानपणी मी ते चित्र एका कॅलेंडरवर पाहिलं आणि विचारलं, “आई, ही तूच ना?” तिने पान टरकन फाडून चुलीत घातलं. “गप भात गिळ.”

आता सांगा, संशय येणार नाही तर काय होईल?

बाबांनाही आला होता. मी पाळण्यात असताना ते युद्धावरून परतले आणि ते चित्र त्यांनी प्रदर्शनात पाहिलं. आपली बायको परक्या पुरुषासमोर बसून एवढी का रडली? त्यांनी विचारलं नाही. मला वाढवलं, शिकवलं, पण जवळ कधी घेतलं नाही. मी आरशासमोर माझं नाक त्राक यांच्या फोटोशी ताडून बघायची. फार वाईट दिवस होते ते.

यंदा मी इथे पडद्यांची मापं घ्यायला आले तेव्हा निन्हसाहेब म्हणाले, “तुमचा चेहरा ओळखीचा वाटतो. सहज या ना, चित्रदुरुस्ती दाखवतो.” सहज कोण कुणाला बोलावतं हो? तरी गेले. कच्च्या रोगणाचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा, डबा उघडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर डोळ्यांच्या नुसत्या फटी! आरशात हुबेहूब ‘प्रतीक्षा’.

आई मला बघून खो खो हसली. “अगं न्हान, चीक उतला तुला! मलाही उतला होता. त्राककाकांकडे रोगणाची चित्रं घासून चकाकवायच्या कामाला जायचे ना मी. तोंड हे एवढं सुजलेलं, आणि हा मेला म्हणतो, थोआ, हलू नकोस, अशीच बस!”

“आणि रडत होतीस ते?”

“रडायला वेळ कुणाला होता?”

बाबा दारातच उभे होते. “मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? मला वाटलं, न विचारता कामाला गेले म्हणून फुगलात. म्हणून त्या चित्राचं नावच काढू देत नव्हते मी.”

बाबांनी वळून अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाले, “त्या साली रजेवर आलो तेव्हा अंगणातलं कमरखाचं झाड बोडकं होतं. मला वाटलं, अळी पडली.”

चीक उतला की कमरखाचा पाला उकळून शेकतात, हे इथे कुणाला सांगायला नको. बाबा काठी टेकत अंगणात गेले, पाला ओरबाडून आणला, उकळला, आणि फडकं पिळून स्वतः माझ्या डोळ्यांवर धरलं. “गरम लागतंय का गं?” चांगलेच चटके बसत होते. मी नाही म्हटलं.

निन्हसाहेब, तुम्ही पाटी बदलतो म्हणालात. आईचा निरोप आहे, “राहू दे, लोकांना रडकी बाई आवडते.” तुमच्या त्या ‘सहज’बद्दल तुमचे उपकार कसे फेडू? तुम्हाला पुढचे दिवस सुखाचे जावोत.

बाबा आज पहिल्यांदाच इथे आलेत. तिसऱ्या रांगेत, आईशेजारी बसलेत. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि आत्ता माझे डोळे कुणाला सुजलेले दिसत असतील, तर कृपा करून चीक उतलाय असंच समजा.