नळीत बघितल्याशिवाय

मी मूळचा खडकीचा, ताई. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते, एका स्फोटात त्यांची उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि रक्तानं भरलेली ती खाकी पँट आईनं तीनदा धुतली तरी डाग काही निघाला नाही, तर तीच पँट घालून ते पुन्हा कामावर. त्यांचं एकच सांगणं, दत्ता, नळीत स्वतः डोळा घालून बघितल्याशिवाय बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. रोज जेवताना ऐकायचो, कंटाळा यायचा.

लग्न झालं ते सुनंदाशी, ती नर्स. तिला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, मी मागोमाग आलो, घरी बसलो की आमची भांडणं, म्हणून जुन्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात लागलो. तिथून सिनेमात. काउबॉयचे सिनेमे असतात ना, घोडे, धूळ, ठो ठो? त्यातल्या बंदुका सांभाळणारा माणूस मी. अमेरिका म्हणून दाखवतात ती वेल्समधली दगडाची खाण असते, कार्डिफपासून तासाभरावर, आणि पाऊस थांबला की पळत जाऊन शूटिंग करायचं.

आता माझं डोकं कशानं फिरायचं सांगू? सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमधून हिरो अकरा गोळ्या झाडतो. मी म्हणलं, बाबा, वरच्या पाच काय तुझ्या आज्यानं भरल्या? त्या काळात दर गोळीला अंगठ्यानं बंदुकीचा घोडा मागं ओढावा लागायचा, आणि शहाणा माणूस भरायचाच पाच, घोड्याखालचं घर रिकामं, नाहीतर चालता चालता स्वतःचीच मांडी फुटायची. डायरेक्टर म्हणायचा, डट्टा, लोकांना रक्त पाहिजे, हिशेब नको. रोज गळे चिरायचे, रोज डोकी फुटायची, लाल रंगाचे कॅनच्या कॅन यायचे, आणि त्या चिखलात बसून मी पोळीभाजीचा डबा खायचो. काही वाटायचं नाही, खोटं कशाला बोलू.

गॅरेथ तिथलाच, स्टंटवाला. घोड्यावरून पडायचं, गोळी खाऊन मरायचं, हे त्याचं काम. माझ्याच बंदुकांनी तो शंभरदा मेला असेल, आणि मेल्यावर उठून आधी माझ्याकडं चहा मागायचा.

तर तो दसऱ्याचा दिवस. सुनंदाला सुट्टी होती, ती बर्मिंगहॅमहून ताट घेऊन आली. बंदुका ठेवायचा आमचा कंटेनर होता, तिथं पूजा करायची म्हणाली. खरं तर त्या दिवशी हत्याराला विश्रांती द्यायची असते, पण शूटिंग कोण थांबवणार? सकाळी सगळ्या नळ्या टॉर्च लावून बघितल्या, सेटवरच्या दोघांना दाखवल्या, वहीत सही केली. मग टेबलावर मांडल्या. एक आखूड दुनळी होती, ती मधल्या बिजागरीवर वाकवून नळ्यांची मागची तोंडं उघडी ठेवलेली. सुनंदानं हळदकुंकू वाहिलं, विड्याची पानं ठेवली, प्रत्येकीवर एकेक सुपारी. तेवढ्यात बाहेरून ओरडा, ऊन पडलंय, दुनळी आणा, पटकन! मी पानं बाजूला केली, कुंकू पडद्यावर दिसायला नको म्हणून फडक्यानं बाहेरून पुसलं, आणि दोन ब्लँक भरले. ब्लँक म्हणजे गोळी नसलेलं काडतूस, नुसती दारू. सकाळी बघितलंय की, म्हणलं. ती बारकी सुपारी घरंगळून नळीत गेली होती, आणि मी हातानं भरलं, डोळ्यानं नाही.

नटानं बंदूक बाजूला रोखली होती, शिकवलं तशीच. पण सुपारीचे तुकडे झाले आणि पसरले. एक गॅरेथच्या डाव्या डोळ्यात गेला. छातीवरची खोट्या रक्ताची पिशवी फुटली, तो कोसळला, तडफडायला लागला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! किती छान मरतोय म्हणून. कॅमेरा चालूच. मी बघितलं, बोटांमधून येणारं रक्त आमच्या कॅनमधल्यापेक्षा काळं होतं, आणि मग तो आईला हाक मारून ओरडायला लागला. मी धावलो. त्याच्या शेजारी मातीत एक तपकिरी तुकडा, आत पांढऱ्या रेघा, कडेला कुंकू. उचलला आणि खिशात टाकला. देवाशपथ, विचार करून नाही टाकला, पण टाकला.

लोकांना वाटलं काडतूसच खराब होतं. ब्लँकमध्ये दारू भरून द्यायची ती शॅरन, साठीची बाई, निम्मं आयुष्य त्यात गेलेलं. तिला घरी बसवलं. ती फोनवर मला विचारायची, डट्टा, माझे हात थरथरतात का रे, तुला कधी दिसलं का? दोन दिवस मी नाही नाही म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी सुनंदाला तुकडा दाखवला. ती म्हणाली, अहो, सुपारी मी ठेवली, मी सांगते. मी ओरडलो तिच्यावर, गप्प बस, नळीत बघायचं काम तुझं होतं का माझं?

कार्डिफला जाऊन पोलिसांच्या टेबलावर तो तुकडा ठेवला. साहेब विचारतो, हे काय? म्हणलं, पूजेचं फळ. तुम्ही बंदुकीची पूजा करता? करतो, म्हणलं. लायसन्स गेलं, काम गेलं. शॅरनला परत घेतलं, माझ्याशी मात्र ती अजून बोलत नाही. हॉस्पिटलात गेलो तर गॅरेथनं पाण्याचा जग फेकून मारला, कपाळ फुटलं, ही बघा खूण. बरं वाटलं मला, खरंच सांगतो.

आता मी बसच्या डेपोत दारं दुरुस्त करतो. दसऱ्याला पान्या-पकडींची पूजा असते, सुपारी नसते, सुनंदाला ते अपुरं वाटतं.

मागच्या महिन्यात गॅरेथचा फोन. चार वर्षांनी. आता स्टंट शिकवतो, एका डोळ्यानं. नवा काउबॉयचा सिनेमा, तीच खाण. म्हणाला, बंदुकीला तू हात लावायचा नाहीस. माझ्या शेजारी उभा राहा आणि फक्त बघ, मला एका बाजूचं दिसत नाही.

गेलो. बंदुका सांभाळायला आता एक तरुण बाई आहे, तिनं दुनळी उघडून समोर धरली, टॉर्च लावला. आधी गॅरेथनं बघितलं, मग मी वाकलो. आरपार उजेड होता, आत काही नव्हतं. गॅरेथ म्हणाला, झालं? म्हणलं, थांब रे बाबा, आणि परत बघितलं.