दादाच्या लंगड्याची रेकॉर्ड

...आणि रविवार म्हटला की मी हजर असलोच पाहिजे! का? तर दादाला ऐकू येत नाही म्हणून! अहो, ऐकू त्याला येत नाही आणि ते रडगाणं ऐकत बसायचं मी! तुम्हाला सांगतो, बंद कुलपाला कान लावला तर आत कुठे अडलंय ते सांगेन, पण गाण्यातलं? मी कुलूपवाला माणूस, मला काय कळतंय!

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्म गेला छापखान्यात, यंत्रांच्या धडधडीत, आणि घरी आला की ब्लूज! दूरदेशी फार वर्षांपूर्वी गरीब काळी माणसं दिवसभर शेतात राबून गिटारवर आपलं दुःख गायची ना, ते. तेही अगदी सुरुवातीचं हवं! लाखेच्या जाड काळ्या तबकड्या, हातातून सुटल्या की बशीसारखे तुकडे... सुई टेकली की आधी नुसती खरखर, कढईत काहीतरी तळतंय म्हणा, आणि त्यामागे कुणीतरी म्हातारा कण्हतोय. "ऐक ऐक, आता खोकतो बघ!" दादा म्हणणार. आणि तो खरंच खोकायचा, आणि या लोकांचे डोळे भरून यायचे!

हे लोक म्हणजे दादाचं मंडळ, तीन-चार टाळकी. त्यात एक औषधांचा दुकानदार, त्याला आम्ही शंकासुर म्हणायचो. चूक दिसली की अंगाला खाज सुटायची त्याच्या. स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिका लाल पेनाने दुरुस्त करून वाटल्या हो त्याने!

आणि दादाचं नि त्याचं भांडण कशावरून? तर एक लंगडा गवई होता. दादा त्याला "आपला लंगडा" म्हणायचा, जसा काही सख्खा मामा! एकच रेकॉर्ड केली आणि जो गायब झाला तो झालाच. फोटो नाही, ठावठिकाणा नाही, आणि यांच्यातल्या कुणी ती रेकॉर्ड ऐकलेलीसुद्धा नाही! फक्त एका जुन्या जाहिरातीत त्याचं नाव, खाली "गिटारच्या साथीने". झालं! दादा म्हणे, साथ म्हणजे दुसरा माणूस आला, दोन गिटार. शंकासुर म्हणे, छे, एकच, त्याची स्वतःची. न ऐकलेल्या गाण्यावरून वर्षानुवर्षं जुंपायची! अबोला धरला तरी शंकासुर रविवारी येऊन बसायचाच, फक्त बोलायचं माझ्यामार्फत. "तुमच्या भावाला सांगा, एक!" "त्याला सांग, दोन!" आणि मध्ये मी... मी कुलूपवाला माणूस, मला काय कळतंय!

मग दादाचे कान गेले. छापखान्याने आयुष्यभर खाल्ले, शेवटी संपवूनच टाकले. डॉक्टर म्हणाले, कानाच्या यंत्राचाही उपयोग नाही. वहिनींनी एक पाटी आणून ठेवली, जे बोलायचं ते तिच्यावर लिहा. आणि रविवार? चालूच! रेकॉर्ड लागली की दादा डोळे मिटून आठवणीतून ऐकायचा, आणि बरोबर जागेवर बोट वर करायचा... की त्याच क्षणी तो म्हातारा खोकायचा. मी खिडकीबाहेर बघायचो तेव्हा. पण जे कधी ऐकलंच नाही ते आठवणार कुठून?

आणि नेमकी तेव्हाच ती रेकॉर्ड सापडली हो! पियानो शिकवणाऱ्या कुणा बाईंच्या माघारी घर आवरताना निघाली, त्यांच्या भाच्याने दादाचं वेड ऐकून पाठवून दिली. दादाने खोक्यातला कापूस बाजूला केला, लेबलावर फुंकर घातली. लंगड्याचं नाव! दादाने सुई मलाच ठेवायला लावली. "अरे, आज तू माझे कान हो," म्हणाला.

ठेवली सुई. खरखर झाली... आणि एकदम बँड! बाजा, ढोल, टाळ्या, कुणीतरी हुर्रे ओरडतंय! नाचाचं गाणं हो, चक्क नाचाचं! मी शंकासुराकडे बघितलं. तो पांढराफटक. कारखान्यात लेबलच चुकीचं चिकटवलेलं. आत लंगडा नव्हताच.

"काय आहे? सांगा ना रे!" दादा आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघतोय...

शंकासुर उठला. म्हटलं, संपलं, आता हा पाटीवर कंपनीच्या चुकीवर निबंध लिहिणार! त्याने खडू घेतला आणि लिहिलं, "दोन गिटार. तुझं बरोबर, मी चुकलो."

दादा ते वाचून लहान पोरासारखा रडला. मग माझ्याकडे वळला. "आणि गातो कसा?" आता मी काय लिहू? लिहिलं, "घरी कुणी वाट बघणारं नसल्यासारखा." "वाटलंच होतं मला," दादा म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या. त्यांना काय, ऐकू येत होतं सगळं! मला हळूच म्हणाल्या, "राहू द्या भावजी. जन्मभर रडकी गाणी ऐकली मी या घरात. यांचे कान गेले तेव्हा कुठे काही आनंदाचं वाजायला लागलं."

मग काय, दर रविवारी तीच रेकॉर्ड! आणि आम्ही सगळे सुतकी चेहरे करून बसलेलो. ठेका असा झकास की पाय आपोआप हलायला बघतो, आणि समोर दादा! त्याने बघितलं तर? एकमेकांचे पाय दाबून बसायचो हो आम्ही! शंकासुर तर पाय खुर्चीच्या दांडीत अडकवून डोळे पुसायचा. खरेखुरे भरलेले. मला विचाराल ते का, तर मी कुलूपवाला माणूस, मला काय कळतंय!

दादा थंडीत गेला. झोपेतच.

त्यानंतरच्या रविवारी जायचं काही कारण होतं का? नव्हतं. तरी गेलो, तर सगळे आधीच येऊन बसलेले. दादाची खुर्ची तेवढी रिकामी. वहिनींनीच रेकॉर्ड काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "लावा. आता कुणी बघत नाहीये, खुशाल हलवा पाय."

लावली. तोच बँड, तोच ढोल, तेच हुर्रे... आणि तुम्हाला सांगतो, एकाचा पाय हलेल तर शपथ.

रेकॉर्ड संपली तेव्हा शंकासुर म्हणाला, "सुई झिजली असेल."

बदलली मी सुई. नवी कोरी घातली. काही फरक पडला नाही.