आधी खुर्चीला सांग

काकू, सरांच्या घरची मंडळी, भिंगारमधले शेजारी, क्लासच्या माझ्या मैत्रिणी, आणि पाथर्डीकडून सकाळच्या एसटीनं उभ्यानं प्रवास करून आलेले आईबाप, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मला बोलायला जमणार नाही, असं मी काकूंना सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, "अश्विनी, तू नाही उठलीस तर नुसते पुढारीच बोलतील. ह्यांना ते सोसणार नाही." म्हणून उभी आहे. मधेच अडले तर जरा थांबा माझ्यासाठी.

तुम्हाला प्रश्न पडला असेल, साळवे सरांचा फोटो या निळ्या, हात मोडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर का ठेवलाय. मंडपवाल्यानं चांगली गादीची खुर्ची आणली होती. काकूंनी ती परत पाठवली. ही खुर्ची आमच्या क्लासची. तिच्यावर कधी कुणी बसायचं नाही. का, ते सांगते.

सरांची उभी हयात पुण्यात बँकांचे प्रोग्राम लिहिण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते इथं, वडिलांच्या घरी परत आले आणि पुढच्या खोलीत जुने कॉम्प्युटर मांडून बसले. नगरला वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलींनी यायचं. आईबाप ऊसतोडीला जाणारे असले तर आधी जागा. मी त्यांतलीच. आमच्या घरातली पहिली पदवीधर.

प्रोग्राम अडला की आम्ही सरांकडे धावायचो. सर पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "आधी खुर्चीला सांग." रिकाम्या खुर्चीला! पहिल्या दिवशी मी लाजेनं चूर झाले. सर म्हणाले, "लाजू नकोस. ती गावभर करत नाही." मग सांगायचं. मोठ्यानं, मराठीत. मला काय करायचं होतं. मी मशीनला काय सांगितलं. मशीननं काय केलं. आणि निम्म्यात पोचलं की आपली चूक आपल्यालाच दिसायची. "अय्या! सापडलं, सर." मग सर खुर्चीकडे बघून म्हणायचे, "आभारी आहे, बाई."

आणि सगळं सांगूनही नाही सापडलं तर? तर दुसरा नियम. कीबोर्डवरून हात काढायचे, मांडीवर ठेवायचे, आणि गप्प बसायचं.

आज मी तुमच्याशी बोलतेय, पण खरं तर खुर्चीलाच सांगतेय. माझं अडलंय.

मघाशी साहेबांनी सरांच्या नावानं संगणक कक्ष जाहीर केला. साहेब, आभार. पण सर इथं असते तर त्यांनी एकच विचारलं असतं, "किल्ली कोणाकडे राहणार?" प्रत्येक उद्घाटनाला ते हेच विचारायचे. माझ्या शाळेतही असा कक्ष होता. पाचवी ते दहावी मी त्याच्या कुलपासमोरून गेले. आत काय होतं, ते मी खिडकीतून पाहिलंय.

कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलची माणसं सरांकडे आली होती. मतदाराचं गाव, जात, भावकी, सोयरे, कोण कुणावर रुसलाय, हे सगळं टाकलं की कुणाला कसं फोडायचं ते सांगणारा प्रोग्राम त्यांना हवा होता. सरांनी दोघांनाही चहा पाजला आणि वाटेला लावलं. पण प्रोग्राम झालाच. कुणी केला? सरांच्याच हाताखाली पुण्यात तयार झालेल्या एकानं. सरांनी तो मागवून पाहिला. मी विचारलं, "कसा आहे?"

"उत्तम लिहिलाय," सर म्हणाले. "एक चूक सापडली नाही. तेच वाईट."

सर सांगायचे, पुण्यात अधूनमधून बोंब उठायची. नवीन भाषा आली, आता प्रोग्रामर संपले! "आणि दर वेळी मी नवीन पुस्तक आणायचो आणि कामाला लागायचो." म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मग हे नवं मशीन आलं. आपण साध्या भाषेत सांगायचं, ते प्रोग्राम लिहून देतं. सरांनी आमचा वर्षअखेरचा प्रकल्प त्याला घातला. चहा निवायच्या आत त्यानं तो करून दिला. सरांनी तो चहा प्यायलाच नाही.

त्याच आठवड्यात माझे वडील, अप्पा, मला भेटायला आले होते. सरांनी त्यांना हे सांगितलं. अप्पा हसले. "म्हंजी तुमच्याकडं बी हार्वेस्टर शिरलं म्हना की, सर! आमच्या फडात आलं तवा आमी लई हसलो हुतो त्याला."

"मग तुम्हाला काय उरलं?"

"आडवा ऊस. वाऱ्यानं लोळलेला. मशीनला त्यो नीट घावत न्हाई. मग आमाला बोलिवत्यात."

सरांनी विचारलं, "अप्पा, नव्या माणसाला तो आडवा ऊस तोडता येतो?"

"छ्या! पाय कापून घील. आधी दोन-चार वर्सं सरळ ऊस तोडाय लागतो."

सर माझ्याकडे वळले. "ऐकलंस? सरळ ऊस मशीन नेणार. आणि तो तोडल्याशिवाय तुला आडवा येणार नाही."

तसंच झालं. पुण्यात मला नोकरी लागली होती. काम काय, तर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या बारीक चुका काढायच्या. सरळ ऊस. उन्हाळ्यात आम्हा सगळ्या नव्यांना एका खोलीत बोलावलं आणि लॅपटॉप जमा करून घेतले. तेव्हापासून मी इथं, सरांच्या क्लासवर शिकवते. कशासाठी शिकवते, असं विचारू नका. तेच तर अडलंय.

ही कोमल, पुढच्या रांगेत बसलीय. दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्यापेक्षा हुशार. खुर्चीला सांगायची वेळ तिच्यावर फार कमी येते. तिचे वडील भाऊसाहेबकाका मागच्या महिन्यात सरांना दवाखान्यात भेटायला आले. सरांचं डायलिसिस चालू होतं. काका कडेला उभं राहून म्हणाले, "सर, दसरा झाला की टोळी निघायची. पोरीला हितं ठिवू का संगं नेऊ? शिकली तर नोकरी लागंल का? तुमी म्हनाल तसं."

आधी कुणी असं विचारलं की सर पटकन म्हणायचे, "लागेल. माझ्यावर सोडा." त्या दिवशी म्हणाले, "विचार करून सांगतो."

काका गेल्यावर मी चिडले. "सर, लागेल म्हणायचं ना!"

सर म्हणाले, "कॉलेजं काढणाऱ्यांनी सांगितलं, लागेल. मतं मागणाऱ्यांनी सांगितलं, लागेल. मीही सांगितलं. तुला लागली, आणि गेली. आता आणखी कुणी सांगायचं?"

"मग लागणार नाही म्हणून सांगा."

"तेही माहीत नाही गं. म्हणून तर विचार करतोय."

सर विचार करत होते. तेवढ्यात गेले.

काल भाऊसाहेबकाकांनी मला फाटकापाशी गाठलं. "ताई, सरांनी माज्यासाठी काय सांगून ठिवलंय का?"

काका, तुम्ही मागं खांबाजवळ बसलाय, मला दिसताय. सरांनी काही सांगून ठेवलेलं नाही. आणि लागेल असं मी म्हणणार नाही. माझीच गेली, मग कोणत्या तोंडानं म्हणू? मला वाटायचं, एक मुलगी शिकली की वाट पडते, मागच्या मुली त्या वाटेनं येतात. मी शिकले. आता मागं वळून बघते, तर वाट नाही. कोमलला ठेवा म्हणायला माझ्याकडे एकही कारण उरलेलं नाही, काका. तरी तिला नेऊ नका, एवढंच तोंडात येतंय. हे काही कारण झालं नाही. मला कळतंय.

तर सर, सांगून झालं. मला काय करायचं होतं. मी काय केलं. काय झालं. सगळं सांगितलं, मोठ्यानं, मराठीत. निम्म्यात सापडेल असं वाटलं होतं. नाही सापडलं.

मंडळी, श्रद्धांजलीला उभं राहायची पद्धत आहे. आज उठू नका. बसून राहा. फोन खिशात ठेवा. हात मांडीवर. या खुर्चीकडे बघा आणि थोडा वेळ गप्प बसा, आम्ही बसायचो तसे.

आणि मधेच कुणाला काही सापडलं, तर शांतता मोडायला भिऊ नका. मोठ्यानं सांगा. सर रागावणार नाहीत.