दाना ओलीचे नळ

जळणं म्हणजे काय, ते मला विचारा. मी आणि मृणाल ऑफिसात एकत्रच लागलो, पण दाना ओली या शहरातल्या जुन्या वस्तीच्या नळांचा ऑनलाइन नकाशा करायचं काम तिला मिळालं. मीटिंगच्या आदल्या दिवशी मी पाहिलं, तर पाइपांच्या रेषा रस्ता सोडून लोकांच्या घरांतून चालल्या होत्या. नकाशाच्या दोन थरांची प्रोजेक्शनं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायची गणितं, वेगळी होती, एवढंच. मला लगेच कळलं, पण मी गप्प बसले.

मीटिंगमध्ये साहेब ओरडले, "ये पाइप किसकी रसोई से जा रहा है?"

मृणाल शांतपणे म्हणाली, "सर, चूक माझीच. वैदेहीला आधी दाखवलं असतं, तर तिने लगेच सांगितलं असतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले आणि मिनिटभरात रेषा रस्त्यावर आणल्या.

साहेब खूश झाले आणि मृणालला म्हणाले, "वाह, लोगों की परख है आपको!"