कॅटच्या रविवारचा ताप

माझे कॅटचे मार्क मी जन्मात विसरणार नाही, पण त्याला कारण मार्क नाहीत.

एमबीएला जायचंय हे ऑफिसात कळू द्यायचं नव्हतं, नाहीतर प्रमोशन गेलंच. त्यात नेमकं परीक्षेच्या रविवारी काम लागलं. मी माझ्या मॅनेजरना, बागवान सरांना मेसेज टाकला, ताप आहे. त्यांचं उत्तर आलं, "आराम करा. मीही येत नाहीये, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचंय."

लोणी काळभोरच्या सेंटरवर रांगेत उभा राहिलो, तर माझ्या पुढेच बागवान सर. हातात हॉल तिकीट.

त्यांनी मागे वळून शांतपणे विचारलं, "ताप कसा आहे?"

"उतरतोय सर. सासरे?"

"दोन तासांत सोडतील म्हणतात."

निकालाच्या दिवशी आमच्या दोघांचंही कामात लक्ष नव्हतं. शेवटी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "किती?"

"एकाहत्तर पर्सेंटाइल. कुठल्याही कॉलेजातून इंटरव्ह्यूचा कॉल येणार नाही सर. तुम्हाला किती?"

सरांनी लॅपटॉप मिटला.

"पुढच्या वर्षीही सासरे आजारी पडणारेत," ते म्हणाले. "तुम्ही मात्र तापाऐवजी दुसरं काहीतरी शोधा."