जवसाचं तेल

गुलाब : ओढ. अजून ओढ.

अंजना : ओढूनच तं राहिली ना बाप्पा! हात खांद्यातून निघून येतीन, पण हा तुकडा निघत नाही. काय करून ठेवलं तुमी याचं?

गुलाब : मी काय करतो? अर्धा आत गेला अन् अडकला. ना आत जाऊन राहिला, ना भायेर येऊन राहिला.

अंजना : अन् बटण?

गुलाब : बटण भोकाच्या चार बोटं मागंच राहिलं.

अंजना : मंग झालं! काचा धुवाचा चार तुकड्यांचा पोल. दोन असे गळ्यात गळा घालून बसले, बाकीचे दोन एकमेकाले तोंडच देऊन नाही राहिले. तिसऱ्या माळ्याच्या काचेपर्यंत ब्रश कसा जाईन? मागच्या महिन्यात कसे टकटक बसत होते! थांबा. हे काय चिकट लागते बोटाले? वास पाहा. खुशबूचे बाबा, वास पाहा म्हणते ना मी!

गुलाब : पाहिला.

अंजना : कायचा आहे?

गुलाब : जवसाचा.

अंजना : जवसाचं तेल! पोलाले जवसाचं तेल लावलं तुमी?

गुलाब : लावलं. सांध्यांले लावलं. माझा बाप काठीले दरसाल जवसाचं तेल पाजे. तीस वर्षं चालली त्याची काठी. ना कीड लागली, ना तडा गेला.

अंजना : अवो, काठीले कीड लागते. याले कोणती कीड लागून राहिली होती? नागपूरचा माणूस आला होता शिकवाले, त्यानं याच फाटकापाशी तीनदा सांगतलं. काम झालं का तुकडे अलग करा, कोरड्या फडक्यानं पुसा, थैलीत ठेवा. तेल नाही, ग्रीस नाही, काहीच नाही. तुमी मुंडकं हालवून हो हो म्हणत होते!

गुलाब : तो विकणारा माणूस. त्याले काय समजते ठेवाचं? नवेगाव बांध गावाले लग्नाले गेलो ना आपण, त्याच्या आदल्या दिवशी पाजलं. गच्चीवर उन्हात ठेवलं. म्हणलं, आठ दिवसांत चांगलं मुरन.

अंजना : मुरलं ना! मस्त मुरलं! बाजूच्या राइस मिलचा कोंडा वरून बसला अन् उन्हानं त्याचा डिंक झाला. नखानं खरडलं तरी निघत नाही. आता चाटा!

गुलाब : लोकं आयकून राहिले, अंजना. हळू बोल.

अंजना : आयकू द्या. मी तीन दिवस त्या डॉक्टरच्या केबिनबाहेर बसली होती या पोलासाठी. ‘साहेब, आता या दवाखान्यात कोणी शिडीवर चढणार नाही’ म्हणून. तिसऱ्या दिवशी हो म्हणलं त्यानं.

गुलाब : मले वाटलं, डॉक्टरसाहेबानं आपल्या मनानं आणला.

अंजना : आपल्या मनानं! कोण आणते आपल्या मनानं?

भोजराज : क्या हुआ, गुलाबभाऊ? साडेनऊ वाजले. अजून एक काच ओली नाही! पाहुणे रायपूरवरून कधीचे निघाले. साडेदहाले नवीन विंगची फीत कापायची आहे, अन् काचा पाहा. बोटानं नाव लिहून घ्या, इतकी धूळ!

अंजना : पोल अडकला, मॅनेजरसाहेब. जरासा टाइम द्या.

भोजराज : टाइम कुठून देऊ, ताई? पोल-वोल मले माहीत नाही. मागं शिडी पडली आहे. लगाव और चढो.

अंजना : शिडी नाही.

भोजराज : मी भाऊसंग बोलून राहिलो.

गुलाब : चढतो मी. चूक माझी आहे. आणा शिडी.

भोजराज : ये हुई ना बात. पाठवतो. नाही, मीच घेऊन येतो, इथं कोणाचा भरोसा नाही.

(भोजराज जातो.)

अंजना : चढतो म्हणे! मांडीत सळी आहे तुमच्या. बाथरूमचा उंबरठा ओलांडताना भिंत धरता तुमी.

गुलाब : एकाच ओळीचं तं काम आहे. तू खालून धर, झालं.

अंजना : मी नाही धरत.

गुलाब : काऊन?

अंजना : नाही धरत म्हणलं ना!

गुलाब : अव, कायले रडून राहिली? पोल सुटन. नाही सुटला तं बिघडला म्हणून सांगू.

अंजना : पोलासाठी नाही रडत मी. त्या दिवशी शिडी मीच धरून होती.

गुलाब : मंग?

अंजना : तुमी सगळ्यांले सांगत फिरता, फरशी ओली होती, शिडी घसरली. फरशी ओली नव्हती. खुशबूचा फोन आला. बारावीचा निकाल होता. मी एक हात सोडला, कमरेचा फोन काढाले. मंग दुसराही सुटला. दोन वर्षं झाले. तुमी लंगडत चालता, तं मी मागंच राहते. समोरून पाहवत नाही मले.

गुलाब : मले माहीत आहे.

अंजना : काय माहीत आहे?

गुलाब : तुझा आवाज वरतं आला. ‘पास झाली?’ म्हणून जोरानं ओरडली तू. मी खाली पाहिलं. तू हासून राहिली होती. मंग शिडी गेली.

अंजना : अन् दोन वर्षं बोलले नाही तुमी?

गुलाब : काय बोलतो? पोरगी पास झाली होती.

अंजना : तुमच्या तोंडाले आग लागो! दोन वर्षं मी एकटीच जळून राहिली ना!

गुलाब : तू तरी कुठं बोलली? जा आता, कँटीनमधून गरम पाणी आण. अन् फडक्यावर जरासं घासलेट. भायेरच्या तुकड्यावर पाणी टाकू, तो फुगन. मंग तू तिकडं पिरगाळ, मी इकडं पिरगाळतो.

अंजना : हे कोणी सांगतलं?

गुलाब : नागपूरच्या माणसानं. तेवढं आयकलं होतं मी.

अंजना : (कँटीनमधून परत येऊन) आणलं पाणी, घासलेटही. हात सांभाळा, उकळतं आहे. टाकू?

गुलाब : टाक. हां. पिरगाळ आता. पिरगाळ! उजवीकडं नाही, माझ्या उलटं!

अंजना : तुमच्या उलटंच तं राहिली मी जन्मभर! निघाला! निघाला, खुशबूचे बाबा!

गुलाब : पूस लवकर, घासलेटानं घास. आता बसव. आला टक् आवाज? तिसरा दे.

अंजना : तिसराही बसला. चौथा नाही घेत. त्याचं तोंडच भरलं तेलानं.

गुलाब : तीनच लाव. ब्रश बसव.

भोजराज : ये लो शिडी. अरे, निघाला काय पोल? पण भाऊ, हा तं वरच्या ओळीपर्यंत पोचत नाही!

गुलाब : नाही पोचत. वरची ओळ तशीच राहीन.

भोजराज : डॉक्टरसाहेबाले काय सांगू मी?

गुलाब : सांगा, गुलाबनं पोलाले तेल पाजलं. अन् सांगा, तो शिडीवर चढत नाही. ते शिडी जिथून आणली तिथं नेऊन टाका, साहेब.

भोजराज : मी नाही वाचवणार तुमाले. सांगून ठेवतो.

गुलाब : नका वाचवू. अंजना, खालतं धर. वारा आहे, वरतं हालते हा.

अंजना : धरला.

गुलाब : तुझा फोन वाजून राहिला. खुशबू असन.

अंजना : वाजू द्या.